मदत हवी आहे: चामखीळ किंवा बायोप्सीचा पेशंट टेबलावरच घाबरतो, काय करावं?

बेळगावात स्किन क्लिनिकमध्ये मदतनीस आहे. चामखीळ जाळणं, पंच बायोप्सी (तपासणीसाठी गोल पात्याने कातडीचा छोटा तुकडा काढणं) रोजचंच. सुई दिसली की हात ओढून घेणारे, घामाघूम होणारे बरेच. खानापूर, चंदगडकडून पहाटेच्या बसने येणारे तर बहुतेक उपाशीच. बधिर करणारी क्रीम लावूनही ओरडतात, ते का?

उत्तर १
क्रीम किती वेळ ठेवता? लिग्नोकेन-प्रिलोकेन या बधिर करणाऱ्या औषधांच्या क्रीमला (2.5-2.5 टक्के) किमान 60 मिनिटं लागतात, तीही वर प्लास्टिकची फिल्म चिकटवून. जाड थर द्या, चोळून जिरवू नका. पंधरा मिनिटांत पुसली तर फक्त वरची कातडी पांढरट दिसते. तासाभरातही बधिरपणा साधारण 3 मिमीच उतरतो, म्हणून बायोप्सीला इंजेक्शन लागतंच. क्रीम फक्त सुईची टोच कमी करते, हे पेशंटला आधी सांगा. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, प्रिलोकेनने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते.

उत्तर २
खरी आग बधिर करणाऱ्या इंजेक्शनमधल्या औषधाची असते. लिग्नोकेन आम्लधर्मी, त्यात ॲड्रेनलिन (रक्तस्राव कमी करणारं औषध) असेल तर आणखीच. डॉक्टरांच्या संमतीने 9 मिली औषधात 1 मिली सोडियम बायकार्बोनेट (8.4 टक्के) मिसळा, तेही वापरायच्या तोंडावर. गढूळ झालं तर फेकून द्या. औषध अंगाइतकं कोमट, सुई 30 गेजची, म्हणजे अगदी बारीक. दोन थेंब सोडून थोडं थांबायचं, मग सावकाश पुढे. घाईत दाबलेलं औषध कातडी ताणतं आणि तीच कळ लक्षात राहते. ॲड्रेनलिनने छाती धडधडते, तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पेशंटला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं.

उत्तर ३
'काही दुखणार नाही' हे वाक्य बंद करा. टोच बसताच विश्वास उडतो, मग पुढचं काहीच ऐकू येत नाही. 'आता टोचेल, मग थोडी जळजळ' असं प्रत्येक पायरीच्या आधी सांगा. कन्नड पेशंटला 'स्वल्प उरितैति' (थोडं जळजळेल) म्हणा, त्याच्या भाषेतला शब्द लगेच पोचतो. कॉटरीचा (चामखीळ जाळायच्या यंत्राचा) चर्र आवाज आणि जळका वास याचीही कल्पना द्या.

उपाशी असेल तर आधी चहा-बिस्कीट. काम आडवं झोपवूनच करा. जांभया, मळमळ, ओठ पांढरे, डोळ्यांपुढे अंधारी: सुई काढा, पाय वर घ्या. पूर्वी चक्कर आलेल्यांना 'दीर्घ श्वास घ्या, सैल सोडा' सांगणं उलटं पडतं, कारण रक्तदाब आधीच घसरत असतो. त्यांना मांड्या आणि मुठी 10-15 सेकंद आवळायला लावा, अर्धा मिनिट सोडा, असं पाचदा. मात्र ज्या हातावर काम आहे तो सैलच राहू द्या. नंतर दहा मिनिटं झोपूनच ठेवा.

प्रश्नकर्ती
तळपायाच्या चामखिळीला क्रीम चालेल?

उत्तर १
तिथली कातडी जाड, क्रीम जवळजवळ शिरतच नाही. मिनिटभर कापडात गुंडाळलेला बर्फ धरा आणि लगेच सुई.