विषय: मास्टर्स गोल्फ स्पर्धेची तिकिटं लागली! खेळाडूंच्या मागे फिरायचं की बसायचं?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं अर्ज भरतोय, यंदा ऑगस्टाच्या (मास्टर्स जिथे होते ते मैदान) तिकिटांच्या लॉटरीत नंबर लागला. मंगळवारची, म्हणजे सरावाच्या दिवसाची दोन तिकिटं. बाबा पुण्याहून आलेत, त्यांना नेणार. गोल्फमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण "चॅम्पियन जवळून बघायचाच" हा हट्ट. अशा वेळी खेळाडूच्या मागे चालायचं की एका होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकावर) ठाण मांडायचं? आणि फोन खरंच नेऊ देत नाहीत?

---

उत्तर: खजिनदार

अभिनंदन रे! फोन गाडीतच ठेव, आत सापडला तर तुलाच बाहेर काढतील. सरावाला कॅमेरा मात्र चालतो.

आणि चालू नका, बसा. २०१९ च्या शेवटच्या दिवशी, रविवारी, ऑफिसातल्या एकाच्या कृपेने मला तिकीट मिळालं होतं. पहिले सात होल मी टायगर वुड्सच्या मागे होतो. पळायला तिथे बंदी, म्हणून भरभर चालत. दिसलं काय, तर लोकांच्या पाठी. एकदा लाल बाही, एकदा क्लबचं, म्हणजे काठीचं, टोक.

शेवटी सोळाव्या होलला गेलो. १७० यार्ड, डावीकडे तळं. गेट उघडताच तिथे खुर्ची टाकून आलो होतो, एसटीत रुमाल टाकतो तशी. पाच-सहा तासांनी गेलो तर एक आजोबा तीत बसलेले. मला बघताच उठले, वर आभार मानले! एसटीत हे घडलेलं मला आठवत नाही.

तिथे फलकावरचे आकडे अजून हाताने बदलतात. आघाडीवरच्या मोलिनारीच्या पुढचा १३ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा इतके कमी, आकडा मोठा तेवढं बरं) निघाला आणि ११ लागला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरेरे" निघालं. बाराव्याला त्याचा चेंडू रेज क्रीक ओढ्यात गेला होता. टायगरही ११ वरच, म्हणजे बरोबरी.

मग तो सोळाव्याला आला. हातात आठ नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाची काठी. चेंडू होलच्या बऱ्याच उजवीकडे पडला, मला वाटलं हुकला. पण उतारावरून तो घरंगळत खाली यायला लागला, सावकाश, आणि होलला जवळजवळ चाटून पुढे थांबला. ढोलपथकाच्या पुढ्यात उभं राहिल्यावर पोटात जे होतं ना, तसा तो लोकांचा आवाज. बर्डी झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. अठरावं, म्हणजे शेवटचं होल, मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

हिला कळवायला फुकटच्या फोनपाशी गेलो. रिसीव्हर उचलल्यावर लक्षात आलं, हिचा नंबरच पाठ नाही. डोंबिवलीच्या जुन्या लँडलाइनचा तेवढा पाठ.

---

उत्तर: खजिनदारांच्या घरून

ह्यांनी अर्धंच सांगितलं. मी घरी सोफ्यावर बसून अठरावंही बघितलं. टायगर, ४३ वर्षांचा माणूस, ११ वर्षांनी मेजर (सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांपैकी एक) जिंकला, तोही एकाच फटक्याच्या फरकाने. मग पोराला कवटाळलं. १९९७ ला तिथेच त्याने वडिलांना अशी मिठी मारली होती. हे अडीच तास गाडी हाकून आले आणि दारातच मला विचारतात, "शेवटी झालं काय?"

बाबांना सोळाव्यालाच बसव. सरावाला लोक ओरडून मागणी करतात आणि खेळाडू मुद्दाम चेंडू तळ्यावरून टप्पे देत मारतात. आपण नदीत चपट्या दगडांच्या भाकऱ्या काढायचो, तस्सं. त्याला गोल्फ कळावं लागत नाही. आणि दीड डॉलरचं पिमेंटो (लाल गोडसर मिरची) चीज सँडविच खा. ह्यांना आवडलं, मला ऐकूनच नको वाटलं.

---

उत्तर:

काकू, खूप आभार. ती खुर्ची अजून आहे का?

---

उत्तर: खजिनदारांच्या घरून

आहे. शनिवारी मराठी शाळेला येताना आणते. एक पाय डुगडुगतो, बाबांना सांगून ठेव.