खुकरीला त्या रात्री पाठवायलाच नको होतं, तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी: परवा दीवला जाऊन आलो. समुद्राकडे तोंड करून काचेच्या घरात आपल्या नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेचं मॉडेल ठेवलंय, बघताना पोटात कालवलं राव. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने हिला बुडवलं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. माझं मत असं की हे जहाज पाठवायलाच नको होतं. १९५० च्या दशकातली ब्रिटिश ब्लॅकवुड क्लास फ्रिगेट, सोनार (पाण्याखालचा आवाज ऐकून पाणबुडी शोधणारं यंत्र) जुनाट, आणि समोर नवी कोरी फ्रेंच डाफ्ने क्लास पाणबुडी. म्हणजे तिला आपण आधी ऐकू येणार. शिकारीला गेलो आणि सावज झालो.

चहाबाज: मग काय पाठवायचं होतं, होडी? पाणबुडी तिथे घोटाळतेय हे तिच्या रेडिओ सिग्नलवरून कळलं होतं, तिला मोकळी सोडायची का? खुकरी ज्या चौदाव्या स्क्वाड्रनमध्ये (युद्धनौकांच्या तुकडीत) होती, तिचं कामच पाणबुडी शोधायचं. तुकडीतली तिसरी नौका कुठार बिघाडामुळे मागे राहिली म्हणून खुकरी आणि किरपाण दोघीच निघाल्या. जे हाताशी होतं तेच पाठवलं ना!

दर्यावर्दी: होडी कशाला, सी किंग हेलिकॉप्टरं त्याच वर्षी आली होती की. पाण्यात सोनार सोडून ऐकतात आणि टॉर्पेडो (पाणबुडी पाण्यातून सोडते तो स्फोटक बाण) त्यांना लागत नाही.

गल्लीतला_नाना: दोघंही मूळ मुद्दा सोडताय. खुकरी हळू का चालली होती? सोनारची रेंज वाढवायला एक नवीन उपकरण लावून प्रयोग चालू होता, त्यासाठी स्पीड कमी ठेवला होता. पाणबुडी आहे हे माहीत असलेल्या पाण्यात हळू जायचं, हा प्रयोग युद्धातच करायचा होता का?

चहाबाज: नाना, वेग वाढवला की स्वतःच्याच आवाजाने सोनार बहिरा होतो, चालत्या रिक्षात फोनवर बोलल्यासारखं. रेंज कमी पडते म्हणून तर प्रयोग चालला होता. कधी करणार मग, युद्ध संपल्यावर?

गल्लीतला_नाना: पहिला टॉर्पेडो फुटलाच नाही, दुसऱ्याने काही मिनिटांत जहाज गेलं. स्पीड असता तर निदान नेम धरायला तरी अवघड गेलं असतं, एवढंच माझं म्हणणं. खुकरीचे कॅप्टन मुल्लांनी लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजावरच राहिले, त्याबद्दल वादच नाही, महावीर चक्र उगाच नाही मिळालं. पण शौर्य आहे म्हणून निर्णयावर प्रश्नच विचारायचा नाही?

चहाबाज: विचारा की. फक्त किरपाण पळाली असं कोणी इथे लिहू नका. तिथेच थांबली असती तर तिसरा टॉर्पेडो तिलाच बसला असता. दुसऱ्या दिवशी कच्छल या युद्धनौकेला घेऊन परत आलीच ना ती, ६७ जणांना पाण्यातून काढलं.

दर्यावर्दी: त्या ६७ जणांनी रात्रभर पाण्यात काय ऐकलं असेल देव जाणे. हेलिकॉप्टरच्या मुद्द्याला मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.