मदत हवी आहे: शेवाळाचं पाणी तपकिरी झालंय, झाडांना घालू की नको?

मुलुंडची_मुग्धा:
घाईत लिहितेय. शनिवारपर्यंत मस्त हिरवंगार होतं, आज तपकिरी झालंय आणि झाकण उघडलं की नाक धरावं लागतंय. झाडांना घालू की ओतून देऊ? प्लीज लवकर सांगा, गॅलरीत उभं राहवत नाहीये.

कुंडीवाला:
कसलं शेवाळ? कशात वाढवलंय? झाडं कोणती? ताई, काहीतरी सांगा की!

गिरगावकर_आजोबा:
हे असले प्रयोग कशाला? जीवामृत करा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. आमच्या चाळीच्या गच्चीवर जास्वंद बघायला या.

मुलुंडची_मुग्धा:
आजोबा, चौदाव्या मजल्यावर शेण कुठून आणू? स्पिरुलिनाचं विरजण ऑनलाइन मागवलं होतं, टोमॅटो-मिरचीसाठी. ‘हवेतला नायट्रोजन झाडाला देतं’ असं जाहिरातीत होतं.

प्रयोगशाळेतला:
इथेच घोळ आहे. स्पिरुलिना सायनोबॅक्टेरियाच, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, पण ती हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधत नाही, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात आणत नाही. ते काम अ‍ॅनाबीना, नॉस्टॉक या दुसऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळांचं. त्यांच्या माळेत अधूनमधून जाड भिंतीच्या खास पेशी असतात, हेटरोसिस्ट. ऑक्सिजनने हे काम बिघडतं; तो आत फारसा शिरत नाही म्हणून तिथे नत्र बांधता येतो. स्पिरुलिनात त्या पेशीच नाहीत. पाण्यात काय काय घातलं होतं?

मुलुंडची_मुग्धा:
खायचा सोडा, मीठ आणि सोबत आलेली पुडी. डास होतात म्हणून झाकण घट्ट लावते.

प्रयोगशाळेतला:
झालं तर मग. झाकणामुळे उजेड नाही, हवा नाही, वर पावसाळी आभाळ. शेवाळ मेलं आणि आता सडतंय. पण ते जिवंत असतं तरी मी कुंडीत ओतू दिलं नसतं. स्पिरुलिनाला पीएच ९-१० लागतो, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी (आंबटच्या उलट) पाणी. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मिश्रणात सोडाच लिटरला १६-१७ ग्रॅम असतो. कुंडीत सोडियम साचलं की टोमॅटोची मुळं पाणीच ओढत नाहीत.

कर्जतचा_भातवाला:
निळं-हिरवं शेवाळ हे मुळात भातखाचराचं खत आहे. लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी १० किलो सुकं खत फेकायचं आणि पाणी उभं ठेवायचं. हंगामात २०-३० किलो नत्र मिळतो. भातखाचरातलं शेवाळ नत्र बांधतं हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवलं होतं, नवीन काही नाही.

अझोला_प्रेमी:
२०-३० किलो कागदावर! सोबत युरियाची गोणी रिकामी केली की शेवाळ नत्र बांधायचं सोडून देतं, त्याला आयता मिळतो ना. त्यापेक्षा अझोला, पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं. त्याच्या पानाच्या पोकळीत अ‍ॅनाबीनाच राहते, शिवाय म्हशीही आवडीने खातात.

कर्जतचा_भातवाला:
युरिया कमी करायलाच तर शेवाळ टाकतो आम्ही. कोकणातली आंबट जमीन असेल तर आधी थोडा चुना, शिवाय सुपर फॉस्फेट. स्फुरद (फॉस्फरस) नसेल तर शेवाळ धरत नाही. आणि तुमचा अझोला उन्हाळ्यात मान टाकतो, ते सांगा की.

ठाण्याचा_पक्या:
पवई तलावाच्या कडेचं हिरवं पाणी आणलं तर? फुकटात काम.

प्रयोगशाळेतला:
अजिबात नको. तलावावरच्या तसल्या सायीत मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्याचं विष यकृताला बाधतं. पालेभाजीवर तर नकोच नको.

कुंडीवाला:
मी समुद्री शेवाळाचा अर्क वापरतो, बाटलीतला. झकास फुलं येतात.

प्रयोगशाळेतला:
ते सारगॅसम, कप्पाफायकस वगैरे, डोळ्यांना दिसणारं मोठं शेवाळ. विषय वेगळा. तरी त्यातही काम करतात ती ऑक्झिन-सायटोकायनिनसारखी वाढीची संप्रेरकं. क्लोरेला या बारीक हिरव्या शेवाळाच्या अर्काचंही तसंच. पातळ करून सकाळी पानांवर फवारलं तर मुळं-फुटवे सुधारू शकतात, पण पोटभर खत म्हणून ते मोजायचं नाही.

गिरगावकर_आजोबा:
म्हणजे शेवटी शेणखतच.

मुलुंडची_मुग्धा:
ओतलं मोरीत, वर दोन बादल्या पाणी. पण टोमॅटो पिवळा पडतोय त्याचं काय? त्याच्यासाठी तर हे सगळं केलं!

कुंडीवाला:
हे आधी नाही का सांगायचं! खालची पानं की वरची? कुंडी किती मोठी?

मुलुंडची_मुग्धा:
खालची. रंगाची जुनी बादली आहे.

कर्जतचा_भातवाला:
बादलीला भोकं पाडलीत का?

मुलुंडची_मुग्धा:
एक आहे. बाजूला, जरा वर.

कर्जतचा_भातवाला:
मग तळाशी पाणी साचून मुळं कुजतायत. आज बुडाला चार-पाच भोकं पाडा आणि माती वाळेस्तोवर पाणी बंद. शेवाळाचा नाद सोडा.