‘पुनर्कथन’, ‘पुनःकथन’ की सरळ ‘कैफियत’?

घंटाळीकर
आमच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावर या रविवारी जीन ऱ्हीस यांची ‘वाइड सारगॅसो सी’ घेतोय. ‘जेन एअर’ (१८४७) मध्ये नायकाची पहिली बायको वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली असते. तिचं हसणं ऐकू येतं, ओरडणं ऐकू येतं, पण तिच्या तोंडी वाक्य नाही. ऱ्हीसबाईंनी १९६६ मध्ये तीच गोष्ट त्या बायकोच्या जमैकातल्या लहानपणापासून सांगायला घेतली. मी फळ्यावर लिहिलं, ‘एका अभिजात कादंबरीचे पुनर्कथन’. कट्ट्यावरच्या निवृत्त मास्तरांनी काही न बोलता खडू घेतला, रफार पुसला, विसर्ग दिला. कोण बरोबर?
आणि मुळात हा शब्द चालेल का? मला तर पुनर्कथन म्हटलं की मुलांसाठी सोपी केलेली इसापनीतीच आठवते.

वाशी सेक्टर ९
मास्तर बरोबर. ‘पुनर्’मधला र् पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं तरच टिकतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विचार. पुढे क, प आले की त्याचा विसर्ग होतो. ‘अंतर्गत’ लिहितो, पण ‘अंतर्करण’ कुणी लिहीत नाही, अंतःकरणच लिहितो ना? तसंच पुनःकथन. बाकी परिपत्रकांतून ‘पुनर्परीक्षा’ इतक्या वेळा येऊन गेली आहे की आता विसर्गवालाच चुकला असं वाटतं.

कोर्टनाका
रफार-विसर्ग मिटला असेल तर दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पुनःकथनात ‘पुन्हा’ आहे, ‘कुणी’ नाही. तीच गोष्ट त्याच माणसाने दुसऱ्यांदा सांगितली तरी पुनःकथनच. इथे तर सांगणारा बदललाय, आणि सगळी मजा त्यातच आहे.

माझी सूचना: कैफियत.

हसू नका. पंचवीस वर्षं दिवाणी कोर्टात कागद हलवतोय. वादी दावा लावतो, त्यात गोष्ट त्याच्या बाजूने असते. मग प्रतिवादी लेखी कैफियत देतो. कैफियत म्हणजे निराळी गोष्ट नव्हे. दाव्यातला एकेक परिच्छेद घ्यायचा आणि म्हणायचं, ‘परिच्छेद ३ मधील मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस कबूल नाही.’ घर तेच, माणसं तीच, तारखाही त्याच. ‘बायको आधीपासून वेडी होती’ हा मजकूर मात्र नाकबूल. शिवाय जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. शेवटी मेणबत्ती घेऊन ती बाई निघते, हे ऱ्हीसबाई नाकारत नाहीत. ती तिथवर कशी आली तेवढं सांगतात.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’, म्हणून कैफियत म्हणजे कसं घडलं त्याची हकीकत. वतनदार आपलं वतन घराण्याकडे कसं आलं याच्या कैफियती सरकारात देत. त्या अर्थातच स्वतःच्या सोयीने लिहिलेल्या. इतिहास अभ्यासणारे त्या वाचतात, पण लगेच विश्वास ठेवत नाहीत. मला वाटतं, ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या पात्राशी वाचकानेही तसंच वागावं. पुनःकथन या शब्दात ती शंका नाही.

आणि दफ्तरातला शब्द साहित्यात कसा आणायचा म्हणाल, तर नाथांनी भारुडात अर्जदस्त आणि ताकीदपत्र आणलं तेव्हाच तो दरवाजा उघडलाय.

ऐरोलीची सून
शब्द आवडला, पण एक अडचण आहे. कैफियत एकाच्या बाजूची असते. या कादंबरीचा मधला मोठा भाग नवऱ्याच्या तोंडून येतो. आपल्याकडेही ‘मृत्युंजय’ कर्णाची म्हणून आपण वाचतो, पण त्यात कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे बोलतात. ‘ययाति’त देवयानी आणि शर्मिष्ठाही. या कैफियती की साक्षी?

दुसरं म्हणजे, कैफियत द्यायला आधी कुणीतरी कोर्टात बोलवावं लागतं. माझी आजी जात्यावर सीतेचा वनवास गायची, तो सगळा सीतेच्या बाजूने. तिला कुणी बोलावलं होतं? ती त्याला ‘सीतेचं गाणं’ म्हणायची, एवढंच.

कोर्टनाका
साक्षी मान्य. ‘मृत्युंजय’ला जबान्या म्हणू. ऱ्हीसबाईंचं मात्र सोडत नाही. नवरा बोलतो खरा, पण पुस्तकभर त्याला नाव दिलेलं नाही. उलट बायकोचं नाव इथे आंत्वानेत, ‘बर्था’ हे नवऱ्याने तिच्यावर लादलेलं. ज्याला नावसुद्धा मिळालं नाही त्याला मी कैफियत देणारा कसा मानू? त्याचं बोलणंही तिच्याच कैफियतीला जोडलेला कागद आहे.
आजीच्या गाण्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वाशी सेक्टर ९
‘दृष्टिकोनातून’ हा शब्द कुणीच काढला नाही म्हणून बरं वाटलं. एरवी अशा प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर तो असतोच. मराठीत तो ‘न’ने लिहितात. ‘ण’ने लिहिला असता तर निदान ‘कोण’ हा प्रश्न तरी त्यात दिसला असता.

घंटाळीकर
आज फळा पुसून नव्याने लिहिला: ‘माळ्यावरच्या वेडीची कैफियत’. रविवार, सायंकाळी ५.
मास्तर आले, चष्मा वर केला, दोनदा वाचलं. ‘कैफियत’ला हात लावला नाही. मग खडू घेतला, ‘वेडीची’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘आंत्वानेतची’.