पुण्यात रस्ता झाडणारे वेगळे आणि कचरा नेणारे वेगळे का?

प्रश्न:
आम्ही मागच्या वर्षी कोथरूडला राहायला आलो. सकाळी एक बाई गल्ली झाडून जातात आणि नऊच्या सुमारास दुसऱ्या ताई ढकलगाडी घेऊन दारोदार कचरा गोळा करतात, त्यांना दरमहा वेगळे पैसे द्यावे लागतात. मिळकतकर भरत असताना हे पैसे कशाचे, आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीशेजारी साठणारा ढीग दोघींपैकी कोणाच्या वाट्याला येतो?

उत्तर १:
या दोन व्यवस्था मुळातच निराळ्या आहेत. झाडणारे सेवक, मग ते कायम असोत वा कंत्राटी, महापालिकेच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे भागातल्या सफाई कार्यालयात, हजेरी लावतात आणि मुकादम त्यांना रस्ता नेमून देतो. दारोदार संकलन मात्र शहराच्या मोठ्या भागात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था करते; १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्या ताईंना पगार नसतो. तुमचे शुल्क आणि सुका कचरा निवडून भंगारात विकल्यावर हाती येणारे पैसे, एवढीच त्यांची कमाई. म्हणून आमटीत भिजलेला पुठ्ठा तुम्ही बादलीत टाकलात की तो त्यांच्या खिशातून जातो. असे शुल्क घेण्याची तरतूद २०१६ च्या घनकचरा नियमांतही केलेली होती.

उत्तर २:
ढिगाचे काम कोठीकडे असते, तेव्हा मुकादमांना गाठावे. मात्र ढीग उचलला तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतो, हा आमचा अनुभव. आम्ही तिघे शेजारी आठवडाभर रात्री तिथे उभे राहिलो, तेव्हा कळले की पिशव्या टाकणारे बहुतेक जण गाडी येण्याआधीच कामाला निघणारे होते. ताईंशी बोलून आमच्या गल्लीची फेरी साडेसातला आणली आणि ढीग निम्म्याहून कमी झाला. रविवारी चिकनच्या दुकानासमोर तो अजूनही होतो, ते प्रकरण वेगळे.

उत्तर ३:
एक पुरवणी. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा. वर्गीकरण हातानेच होते. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आमच्या इमारतीतली दोन बिऱ्हाडे रोज आठलाच कुलूप लावून बाहेर पडतात, हे आता लक्षात आले. उद्या ताईंना फेरीची वेळ विचारतो.