शब्दचर्चा: ‘ऐकत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांसाठी मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. निदान कशावरून केलं, औषध किती काळ घ्यायचं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येईल का, हे सगळं डॉक्टरांना बेधडक विचारा, असं त्यात सांगायचं आहे. गाडी अडली आहे ती क्रियापदावर. ‘शंका घ्या’ लिहिलं तर अविश्वास दाखवा असा अर्थ निघतो. ‘जाब विचारा’ म्हटलं की भांडणाचा सूर लागतो. ‘प्रश्न उपस्थित करा’ हे सभागृहात शोभतं, तपासणीच्या खोलीत नाही.

केवळ भाषा सुबक व्हावी म्हणून विचारत नाही. माझ्या भावाच्या केसपेपरवर ‘ऐकत नाही, उलट प्रश्न विचारतो’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. त्याने विचारलं होतं एवढंच, की या गोळ्या सुरू झाल्यापासून हात थरथरतात, डोस कमी करता येईल का? पुढच्या खेपेला डॉक्टर नवे होते. त्यांनी आधी तो कागद वाचला आणि मग भावाकडे पाहिलं. त्याने काय विचारलं होतं, ते कागदावर कुठेच नव्हतं. होता तो फक्त विचारणाऱ्याबद्दलचा शेरा.

प्रतिसाद

‘शंका’ला कोणतं क्रियापद जोडता त्यावर सगळं आहे. विद्यार्थी शंका *विचारतो* तेव्हा कुणाचा अवमान होत नाही. उलट शंकानिरसन करणं हे शिकवणाऱ्याचं कामच मानलं जातं. शंका *घेतली* की मात्र समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवलं जातं. आणि ‘संशय’ ही तिसरीच गोष्ट. घरचे जेवणात विष कालवतात असं एखाद्याला पक्कं वाटू लागतं, तो संशय, आणि त्याची नोंद व्हायलाच हवी. पण गोळीचा दुष्परिणाम विचारणं ही शुद्ध शंका आहे. या दोहोंची गल्लत झाली की माणसाला तोंड उघडायचीच चोरी होते.

‘जाब’ हा ‘जवाब’चाच भाऊ. जुन्या कागदपत्रांत ‘जाबसाल’ येतो तो सवालजवाब, बोलणी अशा अर्थाने. आज मात्र जाब वरच्याने खालच्याला विचारायचा असतो. खालच्याने वरच्याला विचारलं, की त्याला आपण ‘उलट बोलणं’ म्हणतो, ‘तोंड वर करून बोलणं’ म्हणतो. पत्रकात ‘शंका विचारा’ लिहा.

प्रतिसाद

मला त्या शेऱ्यातलं ‘ऐकत नाही’ जास्त बोचलं. मराठीत ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं आणि ऐकणं म्हणजे आज्ञा पाळणं. ‘सांगणं’ही तसंच: गोष्टही सांगतात आणि कामही सांगतात. त्यामुळे पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर माझं ऐकत नाहीत,’ आणि डॉक्टर म्हणतात, ‘पेशंट ऐकत नाही.’ वाक्य एकच, पण पहिल्याची मागणी दोन मिनिटं लक्ष देण्याची आहे आणि दुसऱ्याची मुकाट्याने गोळ्या घेण्याची. त्यातली दुसरी तक्रार तेवढी कागदावर चढते.

न ऐकणं हाच आजार ठरवल्याचे दाखले इतिहासात आहेत. 1851 साली सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाचा मनोविकार ठरवलं. सोव्हिएत काळात सरकारला विरोध करणाऱ्यांना ‘सुस्त स्किझोफ्रेनिया’चं निदान देऊन इस्पितळात डांबलं जाई, आणि समाज सुधारण्याचा ध्यास हेही लक्षणांत मोजलं जाई. समलैंगिकता अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या विकारांच्या यादीतून 1973 मध्ये निघाली. त्यामागे संशोधन होतं, तसंच ज्यांना ‘रुग्ण’ म्हटलं जात होतं त्यांनी त्या संघटनेच्या अधिवेशनांत घुसून मागितलेला जाबही होता. त्यांनी नम्रपणे शंका विचारत बसायचं ठरवलं असतं, तर किती वर्षं गेली असती कोण जाणे. म्हणून ‘जाब’ हा शब्द टाकून देऊ नका. दुष्परिणामाबद्दल शंका विचारावी. बळजबरी झाली, बांधून ठेवलं, संमती न घेता उपचार केले, तर जाबच विचारावा.

प्रतिसाद

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. एक बाजू राहून जाते आहे. काही आजारांत आपल्याला काही झालंय हेच माणसाला खरोखर कळत नाही. चार रात्री झोप नाही, घरातले पैसे वाटून टाकलेत, आणि ‘मला काहीही झालेलं नाही, तुम्हीच आजारी आहात’ असं तो ठासून सांगतो. त्यावेळी ‘आजाराची जाणीव नाही’ ही नोंद खरी आणि गरजेची असते. पण ती नोंद आणि ‘ऐकत नाही’ यात फार अंतर आहे. पहिल्यात निरीक्षण आहे, दुसऱ्यात राग. शिवाय ज्याला आजार कबूल नाही त्याचेही हात थरथरू शकतात, आणि तो ते सांगतो तेव्हा खरंच सांगत असतो. आमच्याकडे नव्या मुलींना मी एवढंच सांगते, की पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरणात लिहा. ‘सहकार्य करत नाही’ लिहायचं असेल तर काय नाकारलं आणि का नाकारलं, तेही पुढे लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘शंका विचारा’ घेतलं, आणि बळजबरीच्या परिच्छेदात ‘जाब विचारा’. परिचारिकाताईंचं वाचून आणखी एक ओळ घातली: ‘तुम्ही काय विचारलंत ते केसपेपरवर तुमच्याच शब्दांत लिहायला सांगा.’ आता ‘लिहायला सांगा’ की ‘लिहून घ्या’? ‘सांगा’ वाचून एखादा बिचकेल, असं वाटतं.