शब्दचर्चा: उत्सवमूर्ती

चोळकालीन धातुशिल्पांविषयी वाचताना ‘संबंदरांची उत्सवमूर्ती’ (संबंदर म्हणजे तमिळ शैव बालसंत) असा उल्लेख आला आणि अडखळले. मला हा शब्द षष्ट्यब्दीच्या पत्रिकेतून माहीत: ‘उत्सवमूर्तींचे औक्षण सायंकाळी ६ वाजता’. इथे तर सत्कारही नाही आणि वाढदिवसही नाही. मग मूळ अर्थ कोणता? आणि देवासाठीचा शब्द संताला कसा चालतो?

प्रतिसाद

मूळ अर्थ देवळातलाच. गाभाऱ्यातली मूर्ती जागची हलत नाही. तमिळनाडूत ती ‘मूलवर’. उत्सवात रस्त्यावर येते ती धातूची, ‘उत्सवर’. आगमग्रंथांत, म्हणजे मंदिर आणि पूजेचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, याच जोडीला ध्रुवबेर आणि उत्सवबेर म्हणतात. बेर म्हणजे मूर्ती. चोळ काळातल्या अशा मूर्तींची बैठक मुद्दाम पाहा. खांद्यावरून न्यायचे दांडे अडकवायला तिला कड्या किंवा भोकं ठेवलेली असतात. संग्रहालयात आपण संपूर्ण अंग न्याहाळतो, पण मिरवणुकीत रेशीम, दागिने आणि हार यांतून जेमतेम चेहरा दिसतो.

संतांना हा मान फार आधीपासून आहे. तंजावरच्या राजराजेश्वर मंदिरातल्या शिलालेखात नंबी आरूरर (म्हणजे सुंदरर), त्यांची पत्नी नंगै परवैयार, अप्पर आणि संबंदर यांच्या धातुमूर्ती एका अधिकाऱ्याने दिल्याची नोंद आहे. चेन्नईत मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरातून पंगुनी महिन्याच्या उत्सवात आजही ६३ नायन्मारांच्या (तमिळ शैव संतांच्या) मूर्ती शिवासोबत निघतात. मात्र यांतल्या बहुतेकांचे हात जोडलेले असतात. पालखीत बसूनही ते भक्तच राहतात, आणि मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या जोडलेल्या हातांत दिसतं.

संबंदर ओळखणं सोपं नाही, कारण नाचणारं उघडं बाळ पाहून कृष्णच वाटतो. तर्जनी वर केलेली असेल तर ते संबंदर. शीर्काळीच्या तळ्याकाठी भुकेल्या मुलाला पार्वतीने दूध दिलं. वडिलांनी कुणी दिलं म्हणून दरडावलं, तेव्हा मुलाने बोट वर केलं. काही मूर्तींत दुसऱ्या हातात दुधाची वाटीही असते. अप्परांजवळ ‘उळवारम्’ असतं, देवळाच्या अंगणातलं गवत काढायचं अवजार. आणि याच ६३ जणांतल्या कारैक्काल अम्मैयार! बरगड्या वर आलेल्या, स्तन सुकलेले, हातात टाळ, चेहऱ्यावर तृप्ती. रूप नको म्हणून देवाकडे पिशाचरूप मागून घेतलेली ही बाई. तिची मूर्ती ओतणाऱ्या कारागिराने तिचं म्हणणं मनापासून ऐकलं असणार, असं मला दर वेळी वाटतं.

प्रतिसाद

आपल्याकडेही मूळ अर्थ जिवंत आहे. सोमवती अमावस्येला जेजुरीहून खंडोबाच्या उत्सवमूर्ती पालखीतून कऱ्हेवर स्नानाला जातात.

व्याकरणातही फरक पडतो. देवाची असेल तर ‘उत्सवमूर्ती निघाली’, माणूस असेल तर ‘उत्सवमूर्ती आले’. अर्थ बदलला तसं लिंगही माणसाप्रमाणे बदललं.

प्रतिसाद

थोडं विषयांतर. या मूर्तींना सरसकट ‘काशाच्या’ म्हणू नये. आपलं कासं म्हणजे तळपाय घासायच्या वाटीचं. त्यात कथिल भरपूर असतं, म्हणून ते खणखणतं आणि आपटलं तर तडकतं. चोळ मूर्तींत मुख्यतः तांबं, जोडीला थोडं कथिल आणि शिसं. ‘पंचधातू’ हा परंपरेचा शब्द झाला. सोनं-चांदी असलंच तर नावापुरतं.

ओतकामाचा संस्कृत शब्द मात्र सुंदर आहे: मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरलेलं ते मेण. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. कुंभकोणमजवळ स्वामिमलैचे स्थपती (परंपरागत मूर्तिकार) आजही असंच काम करतात.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. माझ्या टिपणात ‘कांस्यमूर्ती’ लिहिलं होतं, ते खोडून ‘ओतीव धातुमूर्ती’ केलं. ‘उत्सवमूर्ती’ तसाच ठेवला आहे, स्त्रीलिंगी.